बॉनेटचा चावा

तीर्थस्वरूप दादासाहेबांच्या चरणी (गुडघा साथ देत नसल्याने दुरूनच) साष्टांग दंडवत. आपला रक्तदाब आणि वहिनींचा आपल्यावरील राग, दोन्ही आटोक्यात असावेत अशी प्रार्थना. इकडे गाडी वगळता सर्व क्षेम होते. आता गाडीही आहे.

चढ चढेना ती गाडी दारात कशाला, रविवारी भंगारवाल्यास घेऊनच येतो, हे आपले पत्र पोचले. आपल्या धाकट्या भगिनीने (म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने) ते वाचले, घडी घातली आणि चप्पल पायांत सरकवून ती बाहेर पडली. वडिलांनी जिच्यावर स्टिअरिंग धरायला शिकवले ती गाडी भंगारात जाणार म्हटल्यावर माणूस अश्रुपात करतो, असा माझा समज. ही परतली ती भलत्याच कंपनीचा, थोराड अंगकाठीचा, इंजिनास दुप्पट पेट्रोल पाजणारा कार्ब्युरेटर कुशीत घेऊन! त्याच्या माथ्यावर एअर फिल्टर चढला की बॉनेट लागणे असंभव, असे भविष्य आमच्या गल्लीतील मेकॅनिक वस्तादांनी लांबूनच वर्तवले. "ताई, हे मोठ्या गाडीचं धूड आहे, नाद सोडा." त्यावर, "दाढेवर कॅप बसवताना मला कुठे मैदान मिळतं?" एवढेच बोलून या दंतवैद्य विदुषीने कार्ब्युरेटर व फिल्टर बसवले, दातांचा ठसा घेण्याचा लगदा फिल्टरच्या टाळूवर थापला, बॉनेट लावले, उघडले आणि चेपलेल्या लगद्याची जाडी न्याहाळली. नखभर फट! (बॉनेट लावताना ती सवयीने "मिटा" आणि उघडताना "आ करा" म्हणाली. वस्तादांनी दोन्ही वेळा आज्ञापालन केले.)

मी तत्काळ सारथ्यपद ग्रहण करून एक्सलरेटर दाबला, तोच आतून असा दणका बसला, की मी गाडीतून व शेजारचे मांजर आवारातून एकसमयावच्छेदेकरून निष्क्रमण करते झालो. जोर चढताच इंजिन आपल्या रबरी बैठकीवर कुशीला कलते आणि फिल्टर बॉनेटला टक्कर देतो, असे निष्पन्न झाले. भगिनीने कपाळावर हात मारला. "मिटलेला चावा बघितला, चावताना बघितलंच नाही मी! पेशंटला रोज सांगते, इकडून तिकडे घासून दाखवा." मग उंच दात हुडकण्याचा निळा कागद फटीत सरकवला, मला पुन्हा एक्सलरेटरवर बसवले, आणि टक्कर होते नेमके तिथे बॉनेटच्या पोटावर निळा ठिपका उमटला. पुढे समुचित शस्त्रक्रिया होऊन अडथळा दूर झाला. दादासाहेब, त्या चढावर गाडीने वस्तादांच्या मोटारसायकलला मागे टाकले! वस्तादांनी टोपी काढली, मी चष्मा. (धूळ फार होती.)

आपला मेहुणा,
भगिनीच्या दवाखान्यातील सर्वांत भित्रा रुग्ण

ता. क. : वर 'शस्त्रक्रिया' हा शब्द अंमळ मोघम पडला. बॉनेटला बशीएवढे भोक असून फिल्टर त्यातून मान वर काढून रस्ता पाहतो. कड मात्र अशी घासली आहे, की जिभेलाही टोचू नये.

आणखी ता. क. : सबब, भंगारवाल्यास आणू नये व गाडी तिच्यापाशीच राहू द्यावी. ती स्वतः मागणार नाही (आपल्याच घराण्यातली), म्हणून मी मागतो. भोक पाहून आपण ओरडाल, तो आपला हक्कच. फक्त तोंड किती उघडावे याचा विचार व्हावा. आपल्या अक्कलदाढेवर तिचा फार दिवसांपासून डोळा आहे.