सातभाईंची बारा पिसं

अण्णा, तुमची पत्र्याची पेटी मी अखेर उघडली. तुम्हाला जाऊन तेवीस वर्षं झाली आणि तेवढी वर्षं ती माझ्या घरात माळ्यावर पडून होती. आई तिला कचरा म्हणायची आणि तुम्ही हसून कबूल करायचात. त्याच कचऱ्यावर आता आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम चाललंय. गळलेल्या पिसाच्या बुडाशी पक्ष्याचा इतका अंश उरतो की त्यावरून त्याचं कितीतरी पिढ्यांमागचं कूळ कळतं. तुम्हाला हे ऐकायला मिळायला हवं होतं.

त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात तुमची शाळा होती, तेव्हा दर रविवारी मी तुमच्यामागे रानात हिंडायची. घरट्याच्या जवळ जायचं नाही, खाली पडलेलं पीस तेवढं उचलायचं. तपासून झालेल्या उत्तरपत्रिकांची पाकिटं तुम्ही भाताच्या खळीने चिकटवायचात आणि प्रत्येकावर पक्षी, गाव आणि पिसं किती ते लिहायचात. वाटेत एक म्हातारे बाबा ठरल्यासारखे चिडवायचे, "गुरुजी, पिसं लय झाली. आता पाखरू कधी उडवताय?" एकदा मी एक पीस गाव न लिहिता ठेवलं, तर तुम्ही शाळेतल्या सगळ्या मुलांसमोर म्हणालात, "गाव नसलेलं पीस चुलीत घाल. ते कुणाच्याच कामाचं नाही." मी दिवसभर जेवले नाही आणि महिनाभर पेटीला हात लावला नाही. आज तेच वाक्य मी विद्यार्थ्यांना ऐकवते, तेही तुमच्यापेक्षा चढ्या आवाजात.

मग आपली बदली येवल्याला झाली. तिथल्या कोरड्या माळावरही डोंगरातल्यासारखेच सातभाई पक्षी भेटले, तसेच मळकट, तसेच घोळक्याने भांडणारे. तुम्ही बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिलात आणि म्हणालात, "हे आणि डोंगरातले, एकाच घरचे असतील का गं?" मी तेव्हा दहा वर्षांची होते.

त्याचं उत्तर आता थोडंफार देता येतं. फार मागे, शेती सुरू होण्याच्याही कितीतरी आधी, हवा गार आणि कोरडी झाली, पाऊस आटला, रानं आक्रसली. ओल टिकली ती डोंगरातल्या घळींत. पाखरंही तिथेच तगली आणि त्यांच्यात जुनी कुळं शाबूत राहिली. पाऊस परतल्यावर त्यांतले मोजके घोळके माळावर उतरले असावेत, म्हणून माळावरच्यांत विविधता कमी. सातभाई लांब उडत नाहीत, त्यामुळे पुढे फारशी सरमिसळही झाली नसेल आणि दोन्हीकडची कुळं वेगळी पडत गेली असतील. निदान आमचा अंदाज असा आहे.

तुमच्या सातभाईंच्या दोन पाकिटांनी तो अंदाजच उलटा पाडला. त्र्यंबकच्या पाकिटातल्या काही पिसांत माळावरचं कूळ निघालं आणि येवल्याच्या पाकिटातल्या काहींत डोंगरातलं. माझी सहकारी, वयाने माझ्या मुलीएवढी, धावतच आली. "मॅडम, म्हणजे यांची ये-जा होती. तुमच्या वडिलांनी केवढं जपून ठेवलंय. रिसर्च पेपरवर त्यांचं नाव सगळ्यात आधी टाकू." मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही.

कारण येवल्याची ती दुपार मी विसरले नव्हते. पिसांना कसर लागू नये म्हणून तुम्ही पाकिटं अंगणात उन्हाला ठेवलीत आणि मला राखायला बसवून शाळेत गेलात. परत आलात आणि विचारलंत, "सगळं जागच्या जागी आहे ना?" मी हो म्हणाले. ती दोन पाकिटं रिकामी होऊन पुन्हा अंदाजाने भरली होती. एवढी वर्षं मी स्वतःची समजूत घालत आले की बहुतेक बरोबरच भरली असतील.

गप्प बसले तर तुमच्या नावावर खोटं छापलं जाणार होतं. बोलले तर दोन पाकिटांपायी पेटीतल्या एकाही पाकिटावर कुणी भरवसा ठेवणार नव्हतं. मी ती दोन्ही पुन्हा हातात घेतली. त्र्यंबकवर तुमच्या शाईत 'सात' लिहिलंय, येवल्यावर 'पाच'. पाकिटांची झाकणं उलटली तर आतल्या बाजूला, दोन्हींवर, पेन्सिलीने बारीक अक्षरात: 'आता सहा', आणि पुढे प्रश्नचिन्ह.

तुम्ही मोजली होतीत. तुम्हाला कळलं होतं आणि तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत. मी प्रयोगशाळेतच रडले, अण्णा. मग पेटीतलं प्रत्येक पाकीट मी आणि त्या सहकारी मुलीने उलटून पाहिलं. बाकी कुठेही प्रश्नचिन्ह नव्हतं, म्हणजे घोळ त्या दोनच पाकिटांत होता. ती बारा पिसं कामातून वगळली, उरलेली पेटी तुमच्या त्या पेन्सिलीमुळेच वाचली. तुमचं नाव आभारात येईल, सगळ्यात आधी नाही.

ती मुलगी हिरमुसली. "पण मिसळली कशी?" तिने विचारलं. वाऱ्याने, असं मी सांगितलं.

हे पत्र मी त्याच पेटीत ठेवणार आहे. त्या दुपारी वारा नव्हता, अण्णा. मी भातुकली मांडली होती आणि दोन्ही पाकिटं एकाच ताटलीत ओतून तुमच्यासाठी पिसांचा भात वाढून ठेवला होता.