आरोहीचा श्वास

बुधवार संध्याकाळ, जिंतूर

दोन वर्षांची आरोही आज तपासणीला परत आली. सोमवारी मी मिनिटभर तिचा श्वास मोजला होता, बावन्न. या वयात चाळीसच्या आत हवा. न्यूमोनियाच. पण श्वास घेताना छाती आत ओढली जात नव्हती, दूध पीत होती, ऑक्सिजन ठीक होता. म्हणून अँटिबायोटिकचं पातळ औषध देऊन घरी पाठवलं. बाप चिडला होता. "मॅडम, सलाईन न्हाई, इंजेक्शन न्हाई? परभणीलाच नेतो."

"छाती आत जायला लागली किंवा दूध सोडलं तर लगेच न्या," मी म्हणाले.

निर्णय बरोबरच होता. तरी बावन्न डोक्यातून जाईना. का?

आज चौतीस! ताप नाही. औषध मात्र पाच दिवस पूर्ण करायचं.

बाप म्हणाला, "दर तासाला फ्रॉक वर करून छाती बघितली, मॅडम. कामावर गेलोच न्हाई."

आणि मी त्याला नुसता तापट समजले होते.