वन्संची खोली

तीर्थस्वरूप सौ. वहिनींस,

साष्टांग नमस्कार. (साष्टांगातलं गुडघे हे अंग इथल्या जिन्यांनी कामातून गेलं आहे, तेव्हा उरलेल्या सात अंगांचा नमस्कार गोड मानून घ्यावा.) तुमचा खांदा आता कसा आहे? माझी ट्रंक माळ्यावर चढवताना तो लचकला, असं दादा फोनवर बोलून गेला आणि लगेच हवापाण्याबद्दल बोलायला लागला. मला फार वाईट वाटलं. ट्रंक जडच आहे, तिच्यात माझं शिवणाचं सगळं सामान आहे. माळ्यावर ते गंजतं, पण तुमच्या खांद्यापुढे माझ्या कात्र्यांची काय कथा! दादाची साखर ताब्यात आहे ना? आणि माझ्या खोलीत राहायला आलेली ती परदेशी मुलगी बरी आहे ना? खिडकीची खालची कडी नीट लागत नाही, तिला सांगा. वारा आला की दार आपटतं आणि माणूस दचकून उठतं. मला सवय होती, तिला नसेल.

तुमचं पत्र पोचलं. मुलीला तुम्ही तात्पुरतंच ठेवून घेतलं आहे, ती तुम्हाला आई म्हणते आणि तिला तुम्ही चहाचा कपसुद्धा उचलू देत नाही, हे वाचून ऊर भरून आला. ज्या संस्थेने मला इकडे सेवेला धाडलं, तिनेच तिला तिकडे धाडावं, आणि माझी पाठ वळल्याबरोबर तुम्हाला यजमानीण व्हायची हौस यावी, हा योगायोगच म्हणायचा. (कप मीसुद्धा क्वचितच उचलले. मी ते धूत असे. पण मी पाहुणी थोडीच होते!) शेवटी तुम्ही लिहिलं आहे की, वन्सं, एवढं छान चाललं आहे तर मुक्काम आणखी वर्षभर वाढवा, तिकडच्या लोकांना तुमची गरज आहे. तेव्हा तिकडच्या लोकांना माझी कितपत गरज आहे ते जरा सविस्तर कळवते. चष्मा लावून बसा.

आधी काम सांगते. गावाच्या टोकाला पत्र्याची एक मोठी शेड आहे. लोक दान केलेले कपडे तिथे आणून टाकतात. आम्ही ते निवडतो, फाटलं-उसवलं शिवतो, बटणं लावतो आणि गरजूंकडे पाठवतो. सगळी हयात शाळेत शिवणाची बाई म्हणून घालवल्यावर हे काम मला अवघड नाही. पण लोक काय काय दान करतात म्हणून सांगू! एका पायाचे मोजे. चेन तुटलेल्या पँटी. दुसऱ्याच्या नावाची अक्षरं भरलेले टॉवेल. घरात नको झालेली वस्तू टाकून देताना जिवावर येतं, तीच समाजसेवेला दिली की अडगळही जाते आणि वर पुण्यही पदरात पडतं. मी निवृत्त झाल्यावर समाजसेवेला जावं हे आपल्या घरात पहिल्यांदा कुणाला सुचलं, ते मला आठवत नाही. तुम्हाला आठवत असेल.

राहायची सोय संस्था इथल्या कुटुंबांकडे करते. माझं पहिलं घर बेकरीवाल्याचं. माणूस लोण्यासारखा, बायको त्याहून मऊ. दारातच तिने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, ‘घर आपलंच समजा.’ वहिनी, हे वाक्य जगात सगळीकडे म्हणतात आणि खरं कुठेच कुणी मानत नाही, हे मला या वयात तरी कळायला हवं होतं. मी घर आपलंच समजले. दुसऱ्या दिवशी दोघं दुकानात गेल्यावर मी पदर खोचला आणि स्वयंपाकघर काढलं. डबे माझ्या हाताला येतील असे लावले. (दोघंही उंच. त्यानंतर मीठ शोधताना बेकरीवाला ओट्यापुढे गुडघे टेकून बसलेला असे.) मग मला शेगडीवर एक काळाकुट्ट तवा दिसला. म्हटलं, बिचारीला घासायला वेळ होत नसेल. तारेची घासणी घेतली आणि दुपारपर्यंत त्याला असा लख्ख केला की तोंड पाहून कुंकू लावावं. तो बिडाचा होता. तो काळेपणा तिच्या सासूने आणि सासूच्याही सासूने तेल मुरवून मुरवून चढवलेला होता. संध्याकाळी बेकरीवाल्याने तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि परसात जाऊन उभा राहिला. त्याची पाठ हलत होती. बायको मला म्हणाली, काही हरकत नाही. आठवडाभरात संस्थेची बाई आली आणि तिने मला माझी बॅग भरायला सांगितली.

दुसरं घर एका मास्तरांचं आणि मास्तरणीचं. या खेपेला मी शहाणी झाले होते. तव्याच्या वाऱ्याला उभी राहिले नाही. दिलेल्या खुर्चीत बसायचं, वाढलेलं खायचं, विचारलं तेवढंच बोलायचं. पण त्या घरात नवरा-बायको एकमेकांशी बोलतच नसत. दोघांमधलं सगळं दळणवळण माझ्यामार्फत. ‘यांना सांगा, दिवा घालवायचा राहिलाय.’ ‘हिला सांगा, तो हिनेच लावला होता.’ दोघं एकाच टेबलाशी, हाताच्या अंतरावर, आणि मी मध्ये टपालखात्यासारखी. भाषा मला अर्धीमुर्धीच येत असल्याने माझ्याकडून जाणारे टोमणे बरेच सौम्य होऊन पोचत. त्यामुळे त्या दोघांचं हळूहळू बरं चाललं. एक दिवस ती हसली, दुसऱ्या दिवशी तो हसला, आणि तिसऱ्या दिवशी दोघांनी एकमेकांशी थेट बोलून पहिली गोष्ट ठरवली ती ही, की बाई फार अबोल आहेत, घरात मिसळत नाहीत, तेव्हा त्यांना दुसरीकडे हलवावं. गरज सरो, वैद्य मरो. मी पुन्हा बॅग भरली.

तिसरं घर, जिथून हे पत्र लिहिते आहे, ते एका किल्लीवाल्याचं. खाली दुकान, वर घर. माणूस दिवसभर लोकांची कुलपं उघडून देतो. बायको दवाखान्यात दाराजवळच्या टेबलाशी बसून पेशंटना गोड बोलून थांबवून ठेवते, आणि घरीही तसंच बोलते. इथे मला जी खोली मिळाली तिने माझे डोळेच दिपले. मोठी खिडकी, खिडकीत उन्हाची तिरीप, भक्कम कपाट. फक्त गादीला मधोमध एक खोलगट जागा होती, माझ्याहून बुटक्या माणसाची. आणि कपाटाच्या खालच्या खणात लोकरीचे गुंडे होते. मला वाटलं, जुना पाहुणा विसरून गेला असेल.

घरात एक कामवाली होती. माझ्याच वयाची, थोडी बुटकी, तोंडात मूग धरलेली. दुकानामागे इस्त्रीची एक कोंदट खोली आहे, तिथे ती दिवसभर उभी असे. मी माझे कपडे तिच्याकडे देत असे, आणि ती इतकी सुरेख घडी घाले की मी खूश होऊन तिला माझा जुना स्वेटरही दिला. तिने तो घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि उसवलेली बाही दाखवून स्वतःच शिवायला बसली. एकदा जेवताना मी यजमानांपाशी तिची तोंडभरून स्तुती केली. म्हटलं, तुमची कामवाली म्हणजे हिरा आहे, हिला जाऊ देऊ नका.  मग किल्लीवाला ताटात बघत म्हणाला, ‘ती माझी बहीण आहे.’

बिनलग्नाची, थोरली. (आपल्या घरी मी धाकटी, एवढाच फरक.) संस्थेची अट आहे की सेवेकऱ्याला खिडकी असलेली स्वतंत्र खोली हवी. तेव्हा बहिणीची खोली मला आणि बहिणीला इस्त्रीची खोली. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय! मी काहीतरी पुटपुटले, तशी बायको माझा हात थोपटून म्हणाली की तुम्ही मनाला लावून घेऊ नका, तिला तिथे उलट ऊबच मिळते, तिचं काय, ती कुठेही राहते. वहिनी, हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. वेगळ्या भाषेत, वेगळ्या स्वयंपाकघरात, पण शब्दन् शब्द हाच. ‘वन्संचं काय, त्या कुठेही राहतात.’ दिवाणखान्यात पाहुणे बसले होते, आणि मी आत चहा गाळत होते.

थंडी पडली तशी एका सकाळी माझ्या खोलीचं दार वाजलं. बाहेर ती उभी होती. अगदी हळू आवाजात विचारत होती की कपाटातले तिचे लोकरीचे पायमोजे काढून घेतले तर चालेल का, मला त्रास तर होणार नाही ना. स्वतःच्या खोलीच्या दारात उभं राहून ती मला विचारत होती, आणि मी, सातासमुद्रापलीकडून आलेली उपटसुंभ, तिला ‘या, या’ म्हणत होते. ती मोजे घेऊन गेली आणि मी दार लावून रडले. खोटं कशाला बोलू! तिच्यासाठी रडले की माझ्यासाठी, ते मलाही सांगता यायचं नाही.

त्याच दिवशी शेडवरून आल्यावर मी इस्त्रीच्या खोलीतली तिची खाट धरली आणि ओढत ओढत वर नेली. (गुडघे तेव्हाच गेले.) यजमानीण धावत आली, म्हणाली की संस्थेची अट मोडेल. मी संस्थेच्या बाईला बोलावून सांगितलं की मला परक्या जागी एकटीला झोपायची भीती वाटते. मला! भीती! पण म्हाताऱ्या बाईची भीती कुणी तपासून बघत नाही. आता आम्ही दोघी एका खोलीत राहतो. आमची फार मैत्री झाली असं समजू नका. ती घोरते, खिडकी उघडू देत नाही, आणि माझा टाका लांब पडतो म्हणून मला नावं ठेवते. कपाटाचे तीन खण तिने परत घेतले आणि मला एकच ठेवला. मला ते फार आवडलं. हक्काच्या जागेत माणसाने अशीच कटकट करावी.

असं आहे एकूण. इथल्या शेडला माझा उपयोग होतो, नाही असं नाही. पण मी गेले तर बटणं लावायला दुसरं कुणी येईल. किल्लीवाल्याच्या बहिणीने परवा मला सरळच विचारलं, तू जाणार कधी? इकडे आल्यापासून एवढ्या प्रामाणिकपणे मला कुणीही काही विचारलेलं नाही. बाकी क्षेम. दादाला त्याच्या गोळ्यांची आठवण करावी. लहान-थोर जे कुणी घरात असतील त्यांना ज्याचं त्याचं पोचवावं.

आपली,
वन्सं

ता. क. मुक्काम वाढवत नसल्याचं मी संस्थेला कळवून टाकलं आहे. महिनाअखेरीस निघते. माझ्यामागे त्या खोलीत दुसरा सेवेकरी ठेवू नये, असंही संस्थेच्या बाईला सांगितलं आहे. किल्लीवाल्याची बायको तेव्हापासून माझ्याशी फारच गोड बोलते आहे.

दुसरा ता. क. तुमच्याकडच्या मुलीचा राग धरू नका, तिला बाहेर काढू नका. दादाच्या अभ्यासिकेत तिची उत्तम सोय होईल. तिथे तो अभ्यास करत नाही, पेपर वाचत झोपतो. पण माझी खोली मला हवी. बाबांनी ती मला दिली होती, आणि तेव्हा तुम्ही दाराशी उभ्या होतात.

तिसरा ता. क. हे आधीच लिहायचं होतं, पण धीर झाला नाही. मी गादीवर दुसऱ्याचा खळगा पाहूनही काही विचारलं नाही, तसंच त्या मुलीचं झालं असेल असं वाटून मी तिला थेट एक चिठ्ठी पाठवली, की ही खोली माझी आहे आणि तुझा काही दोष नाही. तिचं उत्तर तुमच्या पत्राच्या पाठोपाठ आलं. पोर गुणी आहे, फार माफी मागितली आहे. ती लिहिते की ती आली तेव्हा माझे कपडे गाठोड्यात बांधून माळ्यावर गेले होते, भिंतीवर माझा फोटो होता, आणि मी परत येणार असं घरात कधी कुणी बोललं नाही. तेव्हा तिने काय समजायचं ते समजून घेतलं. दुःखाचा विषय कशाला काढा, म्हणून तिने विचारलं नाही. आल्यापासून ती रोज सकाळी माझ्या फोटोपुढे एक फूल ठेवते. तुम्ही ते रोज पाहता. दादासुद्धा पाहतो. दोघांपैकी एकानेही तिला, ‘अगं, फूल कशाला?’ असं विचारलं नाही.

तर मी जिवंत आहे. तिला कळवलं आहे. तुम्हालाही कळवावं, म्हणून हे पत्र.