‘नको म्हणाले’

प्रिय डार्ला,

तुझं ओहायोहून आलेलं पत्र तीन आठवडे टेबलावर पडून आहे. मे महिन्यात सगळं गाव आपापल्या माणसांच्या कबरी साफ करून फुलं ठेवायला जाईल, तेव्हा तू डॅडींच्या कबरीपाशी येणार नाहीस म्हणतेस. “हट्टापायी जीव घालवला त्या माणसाने, त्याला मी फुलं वाहू?” हे तुझं वाक्य मला पाठ झालंय.

तुझी आई बरी आहे. परवा घेवड्याची उसळ आणि मक्याचा पाव घेऊन आली होती. अजून तेच सांगते, “डॅडी दुपारी खुर्चीत मोठ्याने घोरत होते गं, म्हटलं छान झोप लागलीय, मीच टीव्हीचा आवाज कमी केला.” ते घोरणं नव्हतं, गोळ्यांनी श्वास अडकत होता. गोळ्यांचा जास्त झालेला अंमल उतरवणारा, नाकात मारायचा फवारा घरात असता, तर असं घोरणं धोक्याचं असतं हे त्यासोबतच्या कागदावर तिने वाचलं असतं. डोंगरापलीकडून रुग्णवाहिका येईपर्यंत फवाऱ्याने त्यांचा श्वास कदाचित चालू ठेवला असता.

गेल्या वर्षी आपल्याकडे कायदा झाला. इतक्या जहाल वेदनाशामक गोळ्या लिहून द्यायच्या, तर डॉक्टरने फवाराही समजावून द्यायचा, आणि रुग्ण नको म्हणाला तर तशी नोंद करायची. पहिल्याच आठवड्यात, फवाऱ्याचं नाव काढताच चर्चमधली एक बाई माझ्यावर भडकली, “मी काय गर्दुल्ली दिसते तुला?” त्यानंतर माझी जीभ रेटेना. आणि तुझे डॅडी तर चर्चमधले मानाचे. खाणीत पाठ मोडली तरी वाकले नाहीत. मला गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं. त्या दिवशी दवाखान्यात मी गोळ्या वाढवून दिल्या, तर म्हणतात, “काय गं पोरी, पाठदुखी थांबेल, पण बायकोची कटकट थांबवणारी गोळी नाही का तुझ्याकडे?” आम्ही दोघंही हसलो. हसत हसतच मी संगणकाकडे वळले.

तू माझ्या दवाखान्यातून मागवलेल्या कागदांवर ‘फवारा देऊ केला, नको म्हणाले’ असं आहे. त्या चौकटीत खूण मी केली. डार्ला, मी त्यांना विचारलंच नव्हतं. त्यांचा अपमान होईल, असं मला वाटलं. अंत्यविधीत तू त्यांच्या हट्टाला शिव्या देत रडलीस, तेव्हा मी तुझा हात धरून उभी होते आणि गप्प होते. सहा महिने गप्प होते. काल वैद्यकीय मंडळाला सगळं लिहून पाठवलं. ते माझं काय करायचं ते करतील, पण तुला हे माझ्याकडूनच कळायला हवं होतं. विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते, ठाऊक नाही. थट्टा केली असती, आणि तुझ्या आईखातर घेतलाही असता. ते कळायची वाट मीच बंद केली. तुझा राग खरा आहे, फक्त त्याचा पत्ता चुकलाय. तो माझ्या नावावर पाठव. आणि त्यांच्याकडे जा.

तुझीच म्हणायचा हक्क उरला असेल तर, तुझीच
रोवेना