मोहरच्या कड्यावर

एनस्खेडे, नेदरलँड्स, शनिवार

प्रिय शैलेंद्रदादा,

आपण दोघांनी मिळून फोटो काढायला जायचं ठरवलेल्या आयर्लंडला मी गेल्या आठवड्यात एकटीच जाऊन आले. तुझी दृष्टी गेल्यावर हे तुला सांगायचं धाडस होत नव्हतं.

तिथल्या समुद्राकाठच्या मोहरच्या कड्यावर दाट धुकं होतं. कॅमेरा लावून तीन तास बसले. मग एकदम धुकं विरलं आणि दोनशे मीटर खाली अख्खा समुद्र दिसला. काळ्या कड्यांवरून हजारो पक्षी उडाले. मी बघतच राहिले, बटण दाबायचं राहूनच गेलं.

शेजारी बसलेल्या आयरिश आजींनी विचारलं, "मिळाला का फोटो?"

"नाही," मी म्हटलं. "भावाला हे कसं सांगू, तेच शोधत होते."

हे पत्र तुला वहिनीकडून वाचून घ्यावं लागेल, म्हणून पाठवत नाही. उद्या फोन करून मीच सांगते.

तुझी,
प्रांजली