दुखलं तर डावा हात वर करा

मंगळवार, ४ मार्च
आजपासून रोजनिशी. कारण असं, की रोज इतके चांगले विचार माझ्या तोंडून बाहेर पडतात आणि क्लिनिकच्या बेसिनमधून वाहून जातात. कुठेतरी उतरवून ठेवायला हवेत. वाचणार कोणी नाही. हिला वेळ नाही आणि लेकीला माझं अक्षर लागत नाही. स्वतः डॉक्टर असून!

सकाळी निवृत्त मुख्याध्यापिका. खालची दाढ. विषय काढला कॉलनीतल्या भटक्या कुत्र्यांचा. बाई कुत्र्यांच्या कट्टर विरोधात. मी माझा सुवर्णमध्य मांडला: खायला घालावं, पण गेटबाहेर आणि ठरलेल्या वेळी. बाई ‘आँ’ म्हणाल्या. चांगला लांबलचक. दुपारी बँकेतल्या बाई. या स्वतः कुत्र्यांना घालतात, तेही जिन्यात. त्यांनाही तेच सांगितलं. ‘आँ’, शिवाय डावा हात वर.

हाताचं थोडं स्पष्टीकरण. खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला मी आधीच सांगतो, दुखलं तर डावा हात वर करा. पण माझं इंजेक्शन इतकं सफाईचं, की दुखण्याचा प्रश्नच येत नाही. म्हणजे हात वर होतो तो पाठिंब्याचाच.

गुरुवार, ६ मार्च
जेवताना घरात थिअरी मांडली. आखूड ‘अ’ म्हणजे मत बनतंय. ‘आँ’ म्हणजे पटलं. दीर्घ ‘आँऽऽ’ म्हणजे पूर्ण सहमत. हात वर म्हणजे ठराव मंजूर. ही म्हणाली, की तोंडात आरसा, नळी आणि कापसाचे बोळे असताना माणूस दुसरं काय बोलणार? मी म्हटलं, ज्याला विरोध करायचाय तो ‘ई’ म्हणू शकतो.

नंतर बाथरूममध्ये आ वासून स्वतः ‘ई’ म्हणून पाहिलं. येत नाही. पण तो मुद्दाच नाही.

लेक ताटात बघून हसत होती. हल्ली फार हसते. नवीन डॉक्टरांना काम कमी असतं.

रविवार, ९ मार्च
वेटिंग रूममधली माशांची टाकी धुतली. म्हणजे लेकीने धुतली, मी सूचना दिल्या. मासे हा माझा एकमेव छंद. शांत प्राणी. कितीही बोला, तोंड उघडून ऐकत राहतात.

हिच्याशी सकाळी पुन्हा तोच वाद: ब्रश चहाच्या आधी की चहानंतर. या घरातला सगळ्यात जुना प्रश्न. मी दंतवैद्य आहे, ती नाही. तरी ती तिचंच खरं करते. कारण उघड आहे. ती वाद घालते तेव्हा तिचं तोंड मोकळं असतं.

२३ तारखेला कॉलनीची सभा. विषय कुत्रे. दोन्ही गटांना माझं म्हणणं खासगीत पटलेलं आहे, फक्त एकमेकांचं ठाऊक नाही. सभेत सुवर्णमध्य मांडतो, हात वर, विषय संपला. मग अध्यक्षपद कुणाकडे जाणार हे वेगळं सांगायला नको.

बुधवार, १२ मार्च
रूट कॅनालवाला पुन्हा आला होता. याचं रूट कॅनाल मी जानेवारीतच संपवलं. मग तो सफाईला आला. मग ‘काहीतरी टोचल्यासारखं वाटतं’ म्हणून. आज ‘आता टोचत नाही, ते बरोबर आहे ना’ हे दाखवायला. इतके निरोगी दात असलेला माणूस दंतवैद्याकडे इतक्या वेळा येताना मी पाहिलेला नाही. दातांचं निमित्त आहे. भूक विचारांची आहे.

असा श्रोता मिळाल्यावर मीही हातचं राखलं नाही. माणूस घटस्फोटित, पदरी एक लहान मुलगी, नोकरी सोडून घर सांभाळतो, घरूनच थोडंफार भाषांतराचं काम करतो. बिचारा संकोचाने सांगत होता. मी त्याचा आ करून घेतला आणि त्याला धीर दिला. म्हटलं, पुरुषाने घर सांभाळलं तर बिघडलं कुठे? म्हटलं, एक दात काढावा लागला म्हणून कोणी हसायचं सोडत नाही, घटस्फोटाचंही तसंच. लेक शेजारी नळी धरून उभी होती. नळी जरा हलली. त्याने डावा हात वर केला. दोनदा!

घरी हे सांगितलं तर हिने विचारलं, की घर सांभाळण्याचं इतकं कौतुक आहे तर साखरेचा डबा कुठे असतो ते सांगा. मी म्हटलं, प्रश्न तत्त्वाचा चाललाय.

शनिवार, १५ मार्च
रिसेप्शनच्या ताई म्हणाल्या, की या आठवड्यात माझ्या बऱ्याच अपॉइंटमेंट रद्द झाल्या आणि पेशंट धाकट्या डॉक्टरांची वेळ मागतात. मी कारण विचारलं. ताई फाइल शोधायला लागल्या.

कारण मला कळतं. मोठ्या माणसाचा वेळ घ्यायला लोकांना संकोच वाटतो. लेकीकडे तसं काही नाही. ती काम करताना चकार शब्द काढत नाही. मध्येच थांबून ‘ठीक आहे ना’ एवढंच विचारते. आत्मविश्वास कमी. हळूहळू येईल.

संकल्प: उद्यापासून पेशंटचं आधी ऐकायचं, मग बोलायचं.

सोमवार, १७ मार्च
पोस्टमनचं आधी ऐकलं. तो म्हणाला, दाढ दुखते. बास, एवढंच. मग पाऊण तास मला बोलावं लागलं. (मुलांच्या हातात मोबाइल द्यावा का. तो पूर्ण सहमत.)

गुरुवार, २० मार्च
रूट कॅनालवाला आज अपॉइंटमेंट नसताना आला. मासे बघायला! छोट्या मुलीलाही आणलं होतं. ती आणि लेक टाकीला नाक लावून बसल्या होत्या, हा मागे उभा. निळ्या माशाची शेपटी का झडते यावर तिघांची गंभीर चर्चा. समान आवड माणसांना कशी जवळ आणते! मतभेदांनी पोखरलेल्या समाजाला प्रत्येक चौकात एक माशांची टाकी हवी. हा विचार सभेसाठी राखून ठेवला.

त्याला म्हटलं, आलाच आहात तर बसा खुर्चीत, एकदा बघून टाकू. तो लेकीकडे बघून मग बसला. आजचा विषय लग्न. मी स्पष्ट सांगितलं: मुलीने आपला जोडीदार आपण निवडावा. वय, पगार, आधीचं लग्न, ही चौकशी करणारे आईबाप मागासलेले. आईबापांनी त्यात नाक खुपसू नये. शेवटी आवाज जरा चढलाच माझा. त्याने हात वर केलाच, शिवाय खुर्चीतून उठून माझा हात हातात घेतला. डोळ्यांत पाणी होतं. मी हिरडीला तर काही लावलं नव्हतं.

एका माणसाचं तरी आयुष्य बदललं.

रविवार, २३ मार्च
सभा झाली. तपशील नंतर.

सोमवार, २४ मार्च
तपशील. मी सुवर्णमध्य मांडला. मुख्याध्यापिका उठून म्हणाल्या, की गेटबाहेर म्हणजे त्यांच्याच खिडकीखाली. बँकेतल्या बाई म्हणाल्या, की भुकेला ठरलेली वेळ नसते. मी दोघींना आठवण करून दिली, की माझ्याकडे तुम्ही दोघींनी हेच मान्य केलं होतं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, की त्या दिवशी त्या जिवाच्या आकांताने ओरडत होत्या. बँकेतल्या बाई म्हणाल्या, त्याही. मग दोघी दाढेबद्दल बोलायला लागल्या. मग पोस्टमनही त्यात पडला. गेली दोन वर्षं एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या या बायका सभा संपल्यावर एकत्र चहा घेत होत्या.

मी ठरावासाठी हात वर करायला सांगितलं. एकही नाही. खुर्च्या प्लॅस्टिकच्या होत्या, त्यांना हात टेकायला जागा नव्हती. त्याचाही परिणाम होतो.

एका अर्थी कॉलनीत एकी मीच घडवली. माशांच्या टाकीचा विचार मांडायला वेळच मिळाला नाही.

शनिवार, २९ मार्च
लेक रूट कॅनालवाल्याशी लग्न करणार आहे.

चहा होता, ब्रश झालेला होता, सगळं ठीक चाललं होतं. ती म्हणाली, बाबा, एक सांगायचंय. मी म्हटलं, सांग. सांगितल्यावर माझी दातखीळ बसली. ती उघडल्यावर मी म्हटलं, की तो घटस्फोटित आहे. त्याला एक मूल आहे. तो नोकरी करत नाही. तुझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे, हे मी त्याच्या केस पेपरवर वाचलंय. लेक शांतपणे म्हणाली, की हे सगळं तुम्ही त्यालाही सांगितलंत, फक्त चांगलं म्हणून. ती नळी धरून उभी होती, तिला शब्दन् शब्द पाठ आहे. एक दात काढावा लागला म्हणून कोणी हसायचं सोडत नाही, हेसुद्धा तिने म्हणून दाखवलं. माझ्याच आवाजात.

मी सांगितलं, की तत्त्व वेगळं आणि लेक वेगळी. मुळात पेशंटशी बोललेलं पेशंटपुरतं असतं.

ती उठून गेली. ही म्हणाली, की पोरगी गेले काही महिने आतल्या आत घाबरत होती. वडील काय म्हणतील याची तिला फार भीती. त्या दिवशीचं भाषण ऐकून ती घरी येऊन आनंदाने रडली होती. आता तुम्ही तोंड मिटून बसलात तर बरं होईल.

म्हणजे हिला आधीपासून माहीत होतं. ताकास तूर लागू दिली नाही. माशांना माहीत होतं. फक्त मलाच नव्हतं.

संकल्प: लग्नाला जायचं नाही. उद्या दहा मुद्दे काढून लेकीला बसवून ऐकवायचे.

रविवार, ३० मार्च
मुद्दे काढले. लेक घरी नव्हती. हिला ऐकवायला गेलो तर हिने मिक्सर लावला.

सोमवार, ३१ मार्च
क्लिनिकमध्ये लेक ‘सर’ म्हणते. घरात काहीच म्हणत नाही. तिचा चेहरा उतरलाय. मी बघत नाही, पण दिसतं. रूट कॅनालवाला आला नाही. निळा मासाही मलूल आहे. मी त्याला मुद्दे ऐकवले. तो ऐकत होता.

बुधवार, २ एप्रिल
दात-ओठ खाणे हा वाक्प्रचार आहे असं मी समजत होतो. तीन रात्री झोपेत खाल्ले. आज सकाळी टोस्ट चावताना खालच्या डाव्या दाढेचा अर्धा तुकडा हातात आला.

काही फार दुखत नाही. लवंग ठेवली आहे.

गुरुवार, ३ एप्रिल
दुखतंय. समोरच्या रस्त्यावरच्या डॉक्टरकडे जाणार नाही. तो माझ्या विरोधात बोलतो असं ऐकलंय. सुईला मी घाबरत नाही. फक्त मला ती आवडत नाही. आरशात बघून स्वतःच करावं का? हिने कपाळाला हात लावला. लेकीला काही सांगू नकोस म्हटलं. हिने तिथूनच हाक मारून सांगितलं.

शुक्रवार, ४ एप्रिल, दुपारी
डावा गाल अजून माझा नाही. ओठ कुठे आहे ते चाचपून बघावं लागतंय.

आज सकाळी माझ्याच खुर्चीत बसलो. इतकी वर्षं त्या छताखाली उभा आहे, छत मात्र आज पहिल्यांदा पाहिलं. मधोमध ओलीचा डाग आहे, बुटासारखा. इतकी वर्षं लोक हाच बघत होते तर. दिवा थेट डोळ्यांत. लेकीने मास्क लावला आणि म्हणाली, दुखलं तर डावा हात वर करा. माझंच वाक्य. इंजेक्शन दिलं ते कळलंही नाही. मीच शिकवलंय.

मग आरसा, नळी, कापूस. आणि कधी नव्हे ती काम करता करता बोलायला लागली. सावकाश. म्हणाली, की लग्न साधंच करणार, घरची माणसं फक्त. म्हणाली, की त्याच्याबरोबर असताना तिला कशाची भीती वाटत नाही, आणि लहानपणापासून तिला सगळ्याचीच भीती वाटत आलीये, हे मला कधी कळलंच नाही. म्हणाली, तुम्ही आला नाहीत तरी लग्न होईल. पण मग त्या दिवसाचा एकही फोटो तिला पुढे बघवणार नाही.

मी ‘आँ’ म्हटलं. दुसरं काही म्हणता येत नाही. ही दारात उभी होती. म्हणाली, की दीर्घ आहे, म्हणजे पूर्ण सहमत.

मी डावा हात वर केला.

लेक थांबली. मशीन बंद, नळी बाहेर, कापूस बाहेर, दिवा बाजूला. विचारलं, बाबा, दुखलं का? बाहेरून टाकीतल्या बुडबुड्यांचा आवाज येत होता. हात वर केला की कोणी खरंच थांबतं, हे मला नवीन होतं. तोंड मोकळं. दोघी माझ्याकडे बघत होत्या, माझं मत ऐकायला. दहा मुद्दे खिशात होते.

मी म्हटलं, चालू दे.

अर्ध्या जिभेने ते ‘ताऊ ए’ असं काहीतरी झालं. पण लेकीला कळलं. मास्कच्या वर तिचे डोळे भरले. तिने ते कोपराने पुसले, कारण हाताला ग्लोव्हज होते. मग तिने पुढचं काम केलं. काम उत्तम झालंय. मी एकदाही हात वर केला नाही.

निघताना ती म्हणाली, बावीस तारखेला सकाळी अकरा, विसरू नका. दाताची तारीख की लग्नाची, हे विचारायला मी तोंड उघडलं, तर नुसतं ‘आँ’ आलं.