मधल्या ओळीतले वांगे

१० जानेवारी, शुक्रवार
बायकोच्या, उज्वलाच्या उजव्या हाताले प्लास्टर. डॉक्टर म्हणते, जड काम बंद.
झालं असं की घरामागच्या वाडीत वांग्याच्या ओळींमधी चिखल झाला होता, अन् ती वांग्यानं भरलेलं कॅरेट घेऊन चालली होती. चिखल काऊन झाला, तर मोटर चालू राह्यली. मी जरासा पानठेल्यावर खर्रा घ्याले गेलतो. मोटर काय कोणाले विचारून चालू राह्यते? पाणी म्हटलं की ते वाहीनच.
डॉक्टरनं विचारलं, कशी पडली? ती म्हणे, घसरली. एवढंच. माह्याकडे पाह्यलं बी नाई. पाह्यलं असतं तर बरं झालं असतं.
संकल्प: हात बरा होईस्तोवर दोन्ही टाइमचा स्वयंपाक मीच करीन. जन्मभर वांगे पिकवले, शिजवाले काय लागते?

११ जानेवारी, शनिवार
वांगे खालून जळले, वरून कच्चे. गॅस खराब आहे.
उज्वलानं डाव्या हातानं भात अन् लोणचं खाल्लं. शेजारच्या शोभाबाईनं झाकून डाळ पाठवली, ती उज्वलानं घेतली, पण तिचं तोंड उतरलं. शोभाबाईचं भांडं घरात आलं की वर्षभर ऐकून घ्यावं लागते.
पोळीचं मी अजून मनावर घेतलं नाई.

१३ जानेवारी, सोमवार
हिंगणघाटच्या बाजारात वांग्याले भाव नाई. सारे कॅरेट मातीमोल देऊन टाकले. डोकं फिरलं म्हणून नव्या मार्टमधी घुसलो, नुसतं पाहाले.
तिथं एसीत एक ट्रे. 'भरली वांगी किट. वीस मिनिटांत घरची चव.' चार वांगे, अगोदरच चिरा देऊन ठेवलेले. मसाल्याची पुडी, कुटाची पुडी, तेलाची पुडी, अन् एक कार्ड. कार्डावर फोटो पाहून कसं कराचं ते समजते. याले म्हणतात सिस्टिम.
घेतलं. स्वतःचे वांगे विकून दुसऱ्याचे वांगे विकत आणले, हे कोणाले सांगाचं नाई.

रात्री
वीस मिनिटं कार्डवाल्याले लागत असतील. मले तासभर लागला. पण भाजी जमली! तेल सुटलं, रंग आला. उज्वलानं वांग्याचा देठ धरून उचललं, पाह्यलं, विचारलं, कुठून तोडले? मी म्हटलं, मधल्या ओळीतून. तिनं मान हलवली अन् खाल्लं.
खोटं बोललो असं नाई. मधल्या ओळीत वांगे आहेतच.
रिकामा ट्रे वाडीत मोटरच्या पेटीमागे टाकला. तिकडं आता ती जात नाई.

१५ जानेवारी, बुधवार
हळदीकुंकवाले बाया आल्या. मी आत चहा करून राह्यलो होतो. सगळ्या विचारत होत्या, कशी गं पडली? ती प्रत्येकीले सांगे, माह्यंच ध्यान नव्हतं. एकीले, दुसरीले, शोभाबाईले बी. शोभाबाई म्हणे, भाऊजी मोटर लावून पानठेल्यावर बसतात, सारं गाव पाह्यते. उज्वला म्हणे, नाई वो, त्या दिवशी ते घरीच होते.
चहा उतू गेला. अर्धा गॅसवर, अर्धा माह्या पायावर. पायावरचा बरा वाटला.
आता तिले चांगलं खाऊ घालणं हाच उपाय. उद्या हिंगणघाट. दोन किट.

१८ जानेवारी, शनिवार
हात बसला माहा. पोरगी आचल नागपूरच्या होस्टेलवर असते, तिचा फोन आला. तिले सांगतलं, रेसिपी माह्या डोक्यातली आहे. ती म्हणे, बाबा, व्हिडिओ पाठवजो. उज्वला बाजूले बसून खोकलत होती. थंडी आहे.
मी एक ठरवलं. ती एकदा 'छान झाली' म्हणाली की मी मोटरचं सारं सांगून टाकीन. मोकळा होईन. पण ती म्हणतच नाई. म्हणजे आता जे अडलं आहे, ते तिच्याकडून अडलं आहे.
पेटीमागे ट्रेचा ढीग झाला. वारा आला की खडखड करते. रात्री ऐकू येते.

२० जानेवारी, सोमवार
जेवता जेवता उज्वलानं वांगं ताटाच्या कडेले ठेवलं.
"आपल्या वांग्याच्या देठाले काटे असतात," ती म्हणे. "हे गुळगुळीत आहे. पहिल्या दिवशीच दिसलं मले."
मी म्हटलं, बियाणं बदललं असेल. काय बोललो मी! वाडी तिनं लावली, रोपं तिनं टोचली, अन् मी तिलेच बियाणं सांगून राह्यलो.
"काऊन आणलं?"
मी म्हटलं, तुले चांगलं भेटावं म्हणून.
"वाडीतले वांगे गाई खाऊन राह्यल्या," ती म्हणे. "तुमच्या हातचं जळलेलं चाललं असतं मले."
रागावली असती तर मी बी रागावलो असतो. ती हात धुवाले उठली. खरकट्या डाव्या हातावर तांब्यानं पाणी घेता येईना. मी उठेपर्यंत तिनं कोपरानं नळ उघडून हात खाली धरला.
झोप नाई.

२१ जानेवारी, मंगळवार
किट बंद. कायमचं.
सकाळी मोटर लावली, ओळी भिजाले सोडल्या, अन् वांगे तोडून आणले. मधल्या ओळीतूनच. काटा बोटात घुसला. ती स्टुलावर बसून सांगे, मी करत गेलो. कांदा लाल होऊ द्या. आता कूट. आता झाकण. फोटो नाई, कार्ड नाई. मले इतके दिवस वाटे, तिले विचारलं तर ती म्हणेल, येत नाई तर मी करतो काऊन म्हटलं. ती तसं म्हणाली नाई.
भाजी झाली. खरंच झाली. तिनं घास घेतला, चावला, म्हणे, "मीठ बरोबर आहे."
'छान' नव्हतं, पण मी मानून घेतलं. हात पुसले, गळा साफ केला. म्हटलं, आता सांगतोच. "उज्वला, त्या दिवशी..."
तेवढ्यात कुंपणापलीकडून शोभाबाई. "भाऊजी, तुमचं पाणी आमच्या अंगणात आलं! अन् हे डबे कायचे वाहत आले?"
मोटर.
उज्वला उठाले लागली. तिले म्हटलं, तू बस, अन् पळालो. मोटरच्या पेटीपर्यंत पोचलो नाई. त्याच जागी, त्याच चिखलात, बदकन बसलो. हाड मोडलं नाई. मोडाले पाह्यजे होतं. समोर शोभाबाई, तिच्या हातात माहा ट्रे, त्यावर चार वांग्यांचा फोटो.
अन् मग तोंडातून निघालं, मोठ्यानं, "चुकलं माह्यं! मोटर मीच चालू ठेवलती! ती माह्यामुळंच पडली!"
हे सारं शोभाबाईनं ऐकलं. म्हणजे आता पार गिरड गावापर्यंत गेलं असेल.
मागे पाह्यलं तर उज्वला दारात उभी. तिनं किती ऐकलं, चेहऱ्यावरून समजेना. मी तसाच चिखलात बसून तिच्याकडे पाहत राह्यलो. वाटलं, आता काहीतरी म्हणेल.
"मोटर बंद करा पहिले," ती म्हणे.
केली.